एक दिवसाचा खंड

परभणीच्या विद्यापीठात माझी ऑर्डर अकरा महिन्यांची असायची.
मग एक दिवसाचा तांत्रिक खंड,
मग पुन्हा अकरा महिने.
असं सहा वेळा.
त्या एका दिवशी मी कागदावर कुणीच नसायचे,
तरी यायचे,
कारण ज्वारीच्या दोन वाणांची अक्षरं एकमेकींखाली लावणारा माझा प्रोग्राम
रात्रभर चालून कुठवर पोचला, की वीज जाऊन पुन्हा शून्यावर आला,
ते बघायचं असायचं.
रखवालदार गुणाजी म्हणायचा,
मॅडम, आज तुम्ही नाहीत.
मी म्हणायचे, हो ना, नुसतं बघून जाते.

दोन ओळी जुळवताना
एकीत काही कमी पडलं
की तिथे आम्ही आडवी रेघ मारतो.
रेघ म्हणजे इथून काहीतरी गळालं,
किंवा समोरच्या ओळीत नंतर घुसलं.
नक्की कोणतं, ते रेघेला माहीत नसतं.
माझ्या अनुभवाच्या दाखल्यात अशा पाच रेघा आहेत.

बाबा सेलूच्या जिनिंगवर ग्रेडर.
कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे,
एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचे,
धागे सरळ झाले की शर्टाच्या काळ्या बटणाजवळ धरून
सांगायचे, एकोणतीस.
पुढे मालकानं मशीन आणलं.
तेही एकोणतीसच म्हणालं, वर एक दशांश.
त्या दशांशासाठी मशीन राहिलं.

फोनवर विचारायचे, काय करायलीस गं तिथं?
जुळवायले, बाबा.
जुळलं का?

जालन्याच्या बियाणे कंपनीत पहिल्या दिवशी
चाकांची खुर्ची मिळाली
आणि चौदा पानांचा करार.
त्यात 'गोपनीय' हा शब्द एक्केचाळीस वेळा.
(मोजल्याशिवाय मला राहवत नाही.)
टाकळकर सर म्हणाले होते, गेलीस म्हणजे गेलीस.
रागानं नाही. माझा अर्धा निबंध त्यांच्या टेबलावर होता,
नावांचा क्रम तेवढा ठरायचा होता.
तो अजून ठरतोय.

इथे पगार एक तारखेला येतो.
रोप दोन पानांवर असतं तेव्हाच मी सांगते
त्याचा धागा किती भरेल.
चार हजार रोपं, त्यातली साडेतीन हजार
माझ्या एका आकड्यावर उपटली जातात,
आणि खिडकीतून लांब रोलिंग मिलची भट्टी
रात्री आभाळाचा एक कोपरा तांबडा करते.
उरलेल्या वाणाला नाव नसतं, क्रमांक असतो.
तो घरी सांगायचा नाही.

दिवाळीला पॅसेंजरनं सेलूला उतरले.
बाबांनी माझ्या खांद्यावरून काहीतरी उचललं.
चाचणीच्या शेतातलं, स्वेटरला चिकटलेलं, बोंडाचं एवढंसं पांढरं.
दोन अंगठे.
ओढलं. पुन्हा ओढलं.
बटणाजवळ नेऊन डोळे बारीक केले.
एकतीस, म्हणाले. भरभक्कम एकतीस. कुठलं गं हे?
मॉडेलनं एकतीस पूर्णांक दोन सांगितलं होतं.
अकरा जणांना तो आकडा माहीत होता,
बाबा बारावे.
मी म्हटलं, हात धुवा, जेवायला बसू.
ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले,
मशीन आलं तेव्हा मालकाकडे बघितलं होतं तसे.

आता महिन्यातला एक शनिवार मी परभणीला शिकवते,
कंपनीच्या लेखी परवानगीनं.
परवा निखत नावाची मुलगी म्हणाली,
मॅडम, विभागाच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम आहे,
आम्ही सगळे तोच वापरतो,
पण मधे कुणीतरी लिहून ठेवलंय,
'ही ओळ का लागते कळत नाही, काढली तर चालत नाही.'
कुणी लिहिलं असेल?

मी वाकून तारीख बघितली.
खंडाचा दिवस.

माहीत नाही, म्हटलं.
त्या दिवशी इथे कुणी नव्हतं.